चांदीच्या काचेवरची खूण

“आरसा झाला तर फेकून दे,” शिरगुप्पे सर म्हणाले आणि घंटेसारख्या पालथ्या काचेच्या भांड्यात डोकावून पाहू लागले.

घंटेच्या आत मी आठ काचा बसवल्या होत्या. आडव्या नाहीत, जवळजवळ उभ्या. खालून येणारी चांदीची वाफ त्यांना सरळ भिडू नये, नुसती घासून जावी, अशा बेतानं. खाली टंगस्टनच्या पातळ पत्र्याच्या होडीत चांदीच्या तारेचे चार तुकडे होते. सकाळपासून पंप घरघरत होता. हवा पुरती निघाली तशी मी वीज हळूहळू वाढवली. होडी लाल झाली, मग नारिंगी, आणि तारेचे तुकडे वितळून त्यांचा एक टपोरा थेंब झाला. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं त्या थेंबाकडं पाहत होतो.

घंटा उचलली तेव्हा काचा चमकत नव्हत्या. धुरकट, पिवळसर करड्या दिसत होत्या, चुलीमागच्या भिंतीसारख्या. सरांनी एक काच उजेडात धरून मागंपुढं कलती केली आणि हसले.

“आता जमली,” ते म्हणाले.

ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि शिरगुप्पे सर माझे मार्गदर्शक होते. अडीच वर्षं मी याच काचांच्या मागं लागले होते. चांदी सरळ पडली की तिचा आरसा होतो आणि आरशाचा आम्हाला उपयोग नसतो. तिरकी आलेली चांदी सलग बसत नाही. आधी पडलेल्या कणाची सावली मागच्या जागेवर पडते, तिथं पुढची चांदी पोचतच नाही, आणि मग ती काड्याकाड्यांनी वाढत जाते, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेल्या शाळूच्या रानासारखी. फक्त हे रान केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही बुटकं. त्या काड्यांमधल्या फटीत एखाद्या पदार्थाचा रेणू अडकला आणि वरून लेसर सोडला, की प्रकाश फटीत दाटतो आणि तो एवढासा रेणू आपली ओळख लाखपट मोठ्यानं सांगतो. पडद्यावर उंचसखल रेघ उमटते. कुठल्या आकड्यावर टोक आलं यावरून पदार्थ ओळखायचा.

पिंपभर पाण्यात मिठाच्या खड्याएवढं औषध टाकलं तरी आमच्या काचेला ते कळलं असतं. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

सरांनी तासगाव तालुक्यातल्या सोनजाळी गावच्या द्राक्षबागायतदारांशी बोलणं केलं होतं. बारा जणांचा गट होता. सगळ्यांची द्राक्षं एकाच कंटेनरमधून परदेशी जायची. एकाच्या घडावर जरी नको ते औषध सापडलं तरी बारा जणांचा कंटेनर परत. म्हणून काढणीच्या आधी प्रत्येकाचा नमुना आमच्या काचेवर तपासून पाहायचा आणि शंका आली तर त्या बागेचा माल कंटेनरमध्ये भरायचाच नाही, असं ठरलं. गटाचे प्रमुख दिनकर नलवडे स्वतः जीपमधून बारा नमुने घेऊन आले. कुणी पिशवीत कोंबलेले, कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेले. एकच नमुना देखणा होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात तीन घड, प्रत्येक घडाला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात नाव, ओळीचा आकडा आणि तोडल्याची वेळ. नाव होतं इंदुमती महादेव जमदाडे.

“ह्या आमच्या इंदुताई,” नलवडे म्हणाले. “गटाची फवारणीची वही ह्यांच्याकडं असती. कुणी कधी काय मारलं, सगळं लिवून घेत्यात. एकाला सोडत न्हाईत.”

अकरा नमुने स्वच्छ निघाले. बाराव्याला तेराशे ऐंशीच्या आकड्यावर उंचच उंच टोक आलं. थायरमचं टोक. थायरम हे बुरशी मारायचं औषध, गटानं त्यावर काट मारलेली होती. तो नमुना इंदुताईंचा होता.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी खूश झाले. अकरा सपाट रेघा बघून बघून कंटाळलेल्या माणसाला अखेर काहीतरी दिसलं होतं. मी द्राक्षं धुतलेल्या त्याच पाण्याचा आणखी एक थेंब काचेच्या दुसऱ्या तुकड्यावर टाकला. टोक आलं. तिसऱ्यावर टाकला. आलं. काचेचे तुकडे तिथं संपले. नव्या काचा करायच्या तर पुन्हा दोन दिवस जाणार होते, आणि नलवड्यांचा फोन येऊन गेला होता की संध्याकाळपर्यंत कळवा, उद्यापासून काढणी आहे.

सर कुठल्याशा बैठकीला निघाले होते. जिन्यातच मी त्यांना अहवाल दिला.

“दुसरा नमुना घेऊन पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“तीनदा पाहिलं, सर.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कठड्यावर कागद ठेवला आणि सही केली.

बारा दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभ्या राहिल्या. पंचेचाळिशीच्या, काटक, उन्हानं रापलेल्या. चपला त्यांनी बाहेर काढल्या होत्या. एका हातात खोकं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

“आवटी म्याडम कोण?” त्यांनी विचारलं.

“मीच. शैलजा.”

“मी इंदू जमदाडे. सोनजाळीची.”

भांडायला आल्या असाव्यात, असं वाटून मी उगाच ताठ झाले. पण त्या भांडल्या नाहीत. मी दिलेल्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून एक वही काढली. “माझा माल गटातनं काढला. ते ठीक हाय, नियमच हाय, मीच लिवलेला. वही बी काढून घेतली माझ्याकडची. ही माझ्या घरची दुसरी. मला एवढंच बघायचं, की तुमाला ते कुठं दिसलं.”

मी पडद्यावर रेघ काढून दाखवली. तेराशे ऐंशीच्या टोकावर बोट ठेवलं. त्यांनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला आणि बराच वेळ त्या टोकाकडं पाहत राहिल्या.

“हे औषधाचं नाव सांगतंय.”

“हो.”

“कधी मारलं ते?”

“ते नाही कळत.”

“आन कुणी मारलं?”

मला हसू आलं. “ते कसं कळेल, मावशी?”

त्या हसल्या नाहीत. वहीची पानं उगाच पुढंमागं करत म्हणाल्या, “न्हाय, इचारलं आपलं.”

त्यांनी आणलेल्या खोक्यात त्याच ओळीतले ताजे घड होते, पहाटे तोडलेले. आता काचा भरपूर होत्या. मी त्यांच्यासमोर मणी धुतले, थेंब वाळवला, लेसरखाली धरला. रेघ सपाट आली.

“एवढ्या दिवसांत औषध उतरतं,” मी म्हणाले.

“पाऊस न्हाई, काय न्हाई. बारा दिवसांत पार पुसून जातंय?” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “त्या दिवशीचा घड हाय का अजून?”

होता. उरलेले नमुने आम्ही डीप फ्रीझमध्ये ठेवायचो. मी पिशवी काढून आणली. त्यांनी गोठलेला घड हातात घेतला, तसा चेहरा जरा निवळला, आपलं माणूस भेटल्यासारखा.

“ह्यातले कंचे मणी घेतले हुते?”

“हे, वरचे. देठाजवळचे.”

“मग आता शेंड्याचे घ्या.”

“का?”

“फवारलं की पाणी वरनं खाली उतरतंय, म्याडम. थेंब शेंड्याच्या मण्याला येऊन लोंबतोय आन तिथंच वाळतोय. औषध मारलं आसंल तर खाली जास्त पायजे.”

अडीच वर्षं मी चांदीच्या काड्यांमध्ये घालवली होती. थेंब घडावरून कसा उतरतो, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. मी शेंड्याचे चार मणी वेगळे धुतले. रेघ सपाट. पुन्हा पाहिलं. सपाट. मग वरचे उरलेले मणी धुतले. तेराशे ऐंशीवर टोक आलं, पडदा सोडून वर जाईल असं.

“उलटं हाय की हे,” इंदुताई हळूच म्हणाल्या.

आम्ही दोघी त्या घडाकडं पाहत राहिलो. देठाखाली, जिथून मी मणी तोडले होते तिथं, त्यांची सुवाच्य चिठ्ठी होती. आणि चिठ्ठी घडाला घट्ट धरून ठेवलेला एक साधा लाल रबरबँड. दोनतीन मण्यांवर त्याचा वळ उमटला होता.

मी चिमट्यानं रबरबँड काढला, पाण्याच्या एका बाटलीत थोडा वेळ बुडवून ठेवला आणि त्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला. तेच टोक. तोच आकडा. घडावरच्या टोकाच्या कितीतरी पट उंच.

“हे काय?” इंदुताईंनी विचारलं.

रबर पक्कं करताना त्यात गंधकाबरोबर काही रसायनं घालतात आणि थायरम हे त्यातलंच एक, हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलं होतं आणि विसरले होते. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. बाकीच्या अकरा जणांनी घड नुसते पिशवीत टाकले होते, नाहीतर कागदात गुंडाळले होते. यांनी नीट चिठ्ठ्या बांधल्या होत्या, दोन दोऱ्यानं, पण मी घेतलेल्या घडाची रबरबँडनं, म्हणून सापडल्या.

त्यांनी चष्मा काढला. मग वही पिशवीत ठेवली, मांडीवर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, “मंजी कुणीच मारलं नव्हतं.”

“कुणीच नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंदानं.

त्यांना दोन मिनिटं बसायला सांगून मी सरांच्या खोलीत गेले. येत्या सोमवारी दिल्लीहून एक समिती आमचं काम पाहायला येणार होती आणि सोनजाळीचा तो बारावा नमुना सरांच्या व्याख्यानाचा कळस होता. टेबलावर त्याचंच चित्र छापून ठेवलेलं होतं. मी सगळं सांगितलं.

“रबर,” सर म्हणाले. “हे मला सुचायला हवं होतं.” मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण दुसरा नमुना घेतला होतास ना तू? खोक्यात तीन घड होते.”

“नाही, सर.”

“मी जिन्यात काय विचारलं होतं?”

“दुसरा नमुना घेऊन पाहिलंस का.”

“आणि तू?”

“तीनदा पाहिलं म्हणाले. पाणी एकाच घडाचं होतं. काचा संपल्या होत्या.”

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावली, तिचा आवाज आला. सर खिडकीकडं पाहत होते.

“तू खोटं बोलली नाहीस,” ते म्हणाले. “त्याहून वाईट केलंस. मला खरं वाटेल असं खरं सांगितलंस.” जरा थांबून पुढं म्हणाले, “आणि मी कागद वाचला नाही. तुझं तोंड वाचलं. सही माझीही आहे.”

मला वाटलं होतं, ते म्हणतील की पुढच्या शोधनिबंधात एक तळटीप घालू, गटाला एक चिठ्ठी पाठवू, समिती जाऊ दे. तसं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती, हेही मला माहीत आहे. त्यांनी फोन उचलला, दिल्लीला लावला आणि सोमवारचा कार्यक्रम पुढं ढकला म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “आमच्या कामात चूक सापडली आहे.” मग एक कागद ओढून चार ओळींचं पत्र लिहिलं. मोहोर मारून माझ्या हातात दिलं.

“टपालानं पाठवू?” मी विचारलं.

“जिथं तिचं नाव गेलं तिथं जाऊन वाच,” ते म्हणाले. “आणि पत्रात नाही ते तू सांग.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नलवड्यांच्या पॅकिंग शेडमध्ये गटाची बैठक बसली. कंटेनर दहा दिवसांपूर्वीच गेला होता. रिकाम्या पेट्यांच्या थप्प्यांना टेकून अकरा बागायतदार बसले होते. इंदुताई दाराजवळ, एका बाजूला. मी पत्र वाचलं. मग कोपऱ्यातले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “म्हंजे यंत्र चुकलं म्हना की.”

“नाही, आजोबा. यंत्रानं जे होतं ते दाखवलं. चुकले मी. त्यांच्या खोक्यात आणखी दोन घड होते. त्यातला एक जरी तपासला असता तरी शंका आली असती. मी तपासला नाही आणि सरांना तपासल्यासारखं सांगितलं.”

हे बोलताना माझी नजर पेट्यांवरच्या छापील द्राक्षांवर होती. मान वर केली तेव्हा नलवडे माझ्याकडं नाही, इंदुताईंकडं बघत होते.

“ताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी आम्ही लई बोललो तुमाला.”

“बोललासा,” इंदुताई म्हणाल्या.

“शिकवणारीच घसरली, आसं मीच म्हणालो.”

“तुमीच म्हणालासा.”

नलवड्यांनी मागच्या फळीवरून गटाची फवारणीची वही काढली आणि त्यांच्यापुढं सरकवली. इंदुताईंनी तिला हात लावला नाही.

“फुडल्या हंगामात तपासणी बंद करायची का?” त्यांनी सगळ्यांना विचारलं.

“आता कुणाचा इस्वास बसायचा?” म्हातारे म्हणाले.

“माझा बसतोय. पर नमुना आपण न्यायचा न्हाई. ह्या पोरीनं बागेत यायचं, सवता तोडायचं, सवता बांधायचं. प्रत्येक बागेतनं तीन ठिकाणचं. तसं ठरत आसंल तर वही घेती.”

तसं ठरलं. पुढची सहा वर्षं मी दर माघात सोनजाळीला गेले. ज्याला आज लोक आमची पद्धत म्हणतात, तिच्यातला अर्धा भाग त्या दिवशी त्या शेडमध्ये ठरला. माझा प्रबंध मात्र दीड वर्ष लांबला, कारण सरांनी आधीचं प्रत्येक माप पुन्हा घ्यायला लावलं. इंदुताईंचा त्या वर्षीचा माल बाहेर गेला नाही तो नाहीच. त्यांनी त्याचा बेदाणा केला.

बैठक संपल्यावर इंदुताई मला फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. सांगलीची गाडी साडेचारला होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढणी झालेल्या बागा उभ्या होत्या. मला हलकं वाटत होतं. करायचं ते मी केलं, असं वाटत होतं.

“एक काम हाय,” फाट्यावरच्या कट्ट्यावर बसत त्या म्हणाल्या. “सांगू का नको, हे कालपासनं चाललंय.”

“सांगा ना.”

“माझं मालक एसटीत डायव्हर हायत. आता येतीया ती गाडी त्येंचीच.” त्या रस्त्याकडं बघत बोलत होत्या. “जानेवारीत दोन दिस धुकं पडलं. मी मिरजंला बहिणीकडं गेलेली. हे रजेवर घरी. फोनवर म्हणाले, डावणीची बुरशी यील, काय तरी मारून घेऊ का. मी म्हणलं, कायबी मारू नका. ते म्हणाले, बरं.”

मी त्यांच्याकडं वळून बसले.

“तुमचा कागद आला. मी न्हाई मारलं, हे मला ठावं. मग मारलं कुणी? मी शेडातला एकेक डबा काढून वास घेतला. मग त्येंना इचारलं. न्हाई म्हणाले. मी म्हणलं, यंत्र खोटं बोलत न्हाई. विद्यापीठाचा शिक्का हाय. त्यावर ते परत काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिशी ड्युटीवर गेले ते तासगावलाच डेपोत निजत्यात. बारा दिस झाले.”

काल त्यांनी विचारलेलं मला आठवलं. कुणी मारलं ते कळतं का. आणि मी हसले होते.

“मी काल फोन लावला,” त्या म्हणाल्या. “उचलला न्हाई. आन उचलून तरी मी काय सांगणार? ज्या तोंडानं म्हणलं त्याच तोंडानं? तुमी सांगा. तुमचंच यंत्र.”

लांबून लाल गाडी दिसली. इंदुताई उठल्या, पण रस्त्याकडं गेल्या नाहीत, कट्ट्यापाशीच थांबल्या. गाडी थांबली. चालकाच्या जागेवर पिकलेल्या मिशांचे, भरल्या अंगाचे एक गृहस्थ होते. त्यांनी कट्ट्याकडं एकदा पाहिलं आणि समोर पाहत राहिले. मी चढून त्यांच्या मागच्या बाकावर बसले. कंडक्टरनं घंटी दिली.

पुढ्यातल्या पत्र्यावर लिहिलेलं होतं, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. तासगावपर्यंत मी तेवढंच वाचत बसले.

तासगावला गाडी दहा मिनिटं थांबायची. ते खाली उतरून चहाच्या टपरीकडं निघाले. मी मागून गेले.

“महादेवकाका,” मी म्हणाले, “मी विद्यापीठातून आले. द्राक्षांवर औषध सापडलं असा अहवाल दिला, ती मी.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

मी सांगितलं. रबरबँड, चिठ्ठी, शेंड्याचे मणी. इंदुताईंनी ते कसं ओळखलं. माझ्याकडून काय राहिलं. मघाशी शेडमध्ये सांगितलं होतं त्यातलं काहीही वगळलं नाही, पण तिथं पत्र हातात होतं आणि इथं काही नव्हतं, म्हणून ते जास्त जड गेलं. गाडीची वेळ झाली तशी त्यांनी घड्याळ बघितलं.

“मी न्हाई म्हणलो हुतो,” ते म्हणाले. “एवढंच हुतं माझ्याकडं. शिक्का नव्हता.”

एवढं बोलून ते गाडीकडं वळले. सांगलीपर्यंत मी त्यांच्या पाठीकडं पाहत बसले होते. ते गाडी फार सावकाश चालवत होते, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

सांगलीच्या स्टँडवर उतारू उतरले. मी सगळ्यांत शेवटी उतरले. माझी पुढची गाडी लागायला अवकाश होता. ते केबिनचं दार लावून माझ्याजवळ आले.

“एक इचारू, पोरी?”

“विचारा ना.”

“ती तुमच्याकडं आली हुती काल. प्रयोगशाळेत. किती येळ बसली?”

“दोनतीन तास तरी.”

“तवा तुमाला कळलं का, की तिला माझा संशव हाय? माझं नाव घेतलं का तिनं?”

मी घाईनं उत्तर दिलं नाही. कालचा सबंध दिवस मनात पहिल्यापासून उलगडून पाहिला, दारातल्या चपलांपासून.

“नाही,” मी म्हणाले. “कुणी मारलं ते यंत्राला कळतं का, एवढं एकदा विचारलं. मी नाही म्हणाले, तर पुढं काहीच बोलल्या नाहीत. तुमचं नाव त्यांनी आज पहिल्यांदा घेतलं, फाट्यावर, तुमची गाडी यायच्या आधी.”

“गटात?”

“गटातही नाही. स्वतःवर बोल घेऊन बसल्या होत्या.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आतून रुमालानं पुसली आणि पुन्हा घातली. मग कंट्रोलरच्या खिडकीकडं चालू लागले. मी तिथंच उभी होते. त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

“सायेब, आज सोनजाळी मुक्कामाची गाडी कुणाकडं हाय?”

आतून कुणीतरी एक नाव सांगितलं.

“त्याला म्हणावं, माझी उद्याची मिरज फेरी घे,” महादेवकाका म्हणाले. “मुक्कामाला मी जातो.”